दहा करंडक आणि हक्काची मजुरी

चुलीवर भाकरी असेल तर ती उतरवून घ्या, दळण निवडत असाल तर निवडत निवडत ऐका. आज आपण लांबच्या एका देशातल्या बायकांची गोष्ट ऐकणार आहोत. देश आहे पश्चिम आफ्रिकेतला नायजेरिया आणि या बायका आहेत त्या देशाच्या महिला फुटबॉल संघातल्या. तिथे या संघाला 'सुपर फाल्कन्स' म्हणतात. फाल्कन म्हणजे ससाणा. पुरुषांच्या संघाचं नाव 'सुपर ईगल्स', म्हणजे गरुड. नावात गरुड मोठा वाटतो, पण आफ्रिका खंडाचा करंडक गरुडांनी तीन वेळा जिंकलाय आणि ससाण्यांनी दहा वेळा.

तुम्ही म्हणाल, आपल्याला फुटबॉलचं काय करायचंय? पण या गोष्टीत खेळाइतकाच हिशेबही आहे. ठरलेला पैसा, न मिळालेला पैसा आणि तो मागण्यासाठी एकत्र बसलेल्या बायका. आणि हिशेब कशाला म्हणतात ते बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

आधी थोडं मागे जाऊ. नायजेरियावर इंग्रजांचं राज्य होतं. 1960 साली 1 ऑक्टोबरला तो देश स्वतंत्र झाला. आपल्याकडे जसं क्रिकेट इंग्रजांबरोबर आलं, तसा तिथे फुटबॉल आला. आता गंमत बघा. खुद्द इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत काम करणाऱ्या बायका फुटबॉल खेळायला लागल्या होत्या. 1920 च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूल शहरात बायकांचा एक सामना बघायला 50 हजारांहून जास्त माणसं जमली. पुढच्याच वर्षी, 1921 मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. हा खेळ बायकांच्या तब्येतीला मानवणारा नाही, असं कारण दिलं. ही बंदी जवळपास 50 वर्षं टिकली. जिथून खेळ आला, तिथेच बाईला मैदान बंद होतं. मग ज्या देशांत तो खेळ पोचला तिथे मुलींना कोण बोलावणार?

त्यामुळे महिलांची जागतिक स्पर्धा सुरू व्हायला 1991 साल उजाडलं. पुरुषांचा विश्वचषक 1930 पासून चालू होता, म्हणजे 61 वर्षांचं अंतर. पहिला महिला विश्वचषक चीनमध्ये झाला. 12 संघ होते. आफ्रिकेतून एकच संघ जाणार होता. नायजेरियाच्या मुली आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना त्याच वर्षी फेब्रुवारीत, शेजारच्या घाना देशाविरुद्ध खेळल्या आणि 5-1 ने जिंकल्या. पुढे कॅमेरूनलाही हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये थेट चीनला पोचल्या. नऊ महिन्यांत गावच्या मैदानातून जगाच्या मैदानात. तिथे त्या तिन्ही सामने हरल्या आणि त्यांना एकही गोल करता आला नाही. पण तेव्हापासून 2023 पर्यंत महिलांचे नऊ विश्वचषक झाले आणि त्या नऊच्या नऊ स्पर्धांत नायजेरिया खेळली. आफ्रिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही देशाला हे जमलेलं नाही.

1999 चा विश्वचषक अमेरिकेत होता. तिथे यजमान अमेरिकेशी गाठ पडली. सामना सुरू होऊन दुसऱ्याच मिनिटाला न्किरू ओकोसिएमे हिने गोल केला आणि भरलेलं मैदान गप्प झालं. पण पुढे अमेरिकेने 7 गोल केले. 7-1 अशी हार झाल्यावर एखादा संघ खचला असता. या मुलींनी त्याच स्पर्धेत उत्तर कोरिया आणि डेन्मार्क या दोघांना हरवलं आणि शेवटच्या आठांत जागा मिळवली.

तिथे समोर आली ब्राझील. मध्यंतराला ब्राझीलचे तीन गोल आणि नायजेरियाचा शून्य. मैत्रिणींनो, फुटबॉलमध्ये तीन गोल मागे पडणं म्हणजे सामना जवळजवळ गेलाच. पण दुसऱ्या डावात प्रिस्का एमेआफूने एक गोल फेडला, ओकोसिएमेने दुसरा आणि सामना संपायला पाचच मिनिटं असताना न्केची एग्बेने तिसरा. बरोबरी झाली. त्या काळी नियम असा होता, की जादा वेळेत जो संघ आधी गोल करेल तो जिंकला, खेळ तिथेच थांबला. तोवर नायजेरियाची एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेली होती. उरलेल्या दहा जणी लढल्या, पण 104 व्या मिनिटाला ब्राझीलच्या सिसीने फ्री किकवर गोल मारला आणि सामना संपला. हरल्या खऱ्या, पण विश्वचषकाच्या शेवटच्या आठांत पोचलेला आफ्रिकेतला तो पहिला महिला संघ. 2023 च्या विश्वचषकापर्यंत तरी दुसऱ्या कुठल्या आफ्रिकी महिला संघाला तिथवर जाता आलेलं नाही. त्या संघाची कर्णधार होती फ्लोरेन्स ओमागबेमी. हे नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आफ्रिका खंडात मात्र त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. 1998 मध्ये महिलांच्या आफ्रिका करंडकाची रीतसर स्पर्धा सुरू झाली. 1998, 2000, 2002, 2004 आणि 2006 असा पाच वेळा लागोपाठ नायजेरियाने करंडक नेला. 2004 ची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेत होती. कॅमेरूनला 5-0 ने हरवलं आणि त्यातले चार गोल एकट्या पर्पेचुआ न्क्वोचाने केले. अंतिम सामन्यात चार गोल म्हणजे चेष्टा नाही.

आता इथून गोष्ट वळण घेते. 2004 ला करंडक हातात आला, पण ठरलेला बोनस आला नाही. मुलींनी सांगितलं, पैसे मिळाल्याशिवाय आम्ही विमानात बसणार नाही. खंडाचा विजेता संघ करंडक घेऊन परक्या देशातल्या हॉटेलात काही दिवस तसाच बसून राहिला.

हा पैशाचा व्यवहार जरा समजून घेऊ, म्हणजे हॉटेलातच का बसल्या ते कळेल. देशाच्या संघात खेळणाऱ्या मुलींना महिन्याचा पगार नसतो. पगार देतात त्यांचे क्लब, आणि क्लब वेगवेगळ्या देशांत असतात. देशासाठी खेळायला बोलावलं, की शिबिराचा रोजचा भत्ता आणि सामना जिंकल्यावर बोनस, एवढीच कमाई. हे पैसे खेळाडूच्या हातात थेट येत नाहीत. आधी देशाच्या फुटबॉल संघटनेकडे येतात आणि तिथून वाटले जातात. संघटना म्हणते सरकारकडून निधी आला नाही, सरकार म्हणतं कागद पुढे सरकलाय. स्पर्धा संपली की मुली आपापल्या क्लबकडे पांगतात. कोणी स्वीडनला, कोणी चीनला, कोणी गावी परत. पांगल्यावर एकेकटीने फोन करून पैसे मागायचे, तर कोण दाद देणार? सगळ्या जणी एका छपराखाली असतात ती वेळ हॉटेलातलीच. म्हणून जे काही मागायचं ते तिथून उठायच्या आधी.

2016 साली हेच पुन्हा घडलं, आणि जास्त ठसठशीत घडलं. स्पर्धा कॅमेरूनमध्ये होती. अंतिम सामन्यात यजमान कॅमेरूनला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर 1-0 ने हरवलं. गोल केला डेझायर ओपारानोझीने, सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत. प्रशिक्षक होती आपली फ्लोरेन्स ओमागबेमी. खेळाडू म्हणून हा करंडक उचललेली आणि मग प्रशिक्षक म्हणूनही उचलणारी ती पहिली बाई.

संघ राजधानी अबुजाला परतला. पैसे नाहीत. मुली हॉटेलातच थांबल्या. दहा दिवसांहून जास्त काळ गेला. डिसेंबरच्या 14 तारखेला देशाचे अध्यक्ष मुहम्मदु बुहारी संसदेत अर्थसंकल्प मांडायला जाणार होते. त्याच दिवशी या मुली हातात फलक घेऊन संसदेवर चालत गेल्या. आपला खर्च आणि आपली मजुरी देशाच्या हिशेबात कुठे दिसते का, हे विचारायला याहून चांगला दिवस कुठला असणार?

त्या वेळच्या क्रीडामंत्र्यांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा, की हा संघ जिंकेल हे कोणाला ठाऊकच नव्हतं, म्हणून पैशाची तयारी नव्हती. आता तुम्हीच हिशेब करा. 2016 च्या आधी ही स्पर्धा नऊ वेळा झाली होती. त्यातल्या सात वेळा नायजेरिया जिंकली होती. जी सून रोज वीस माणसांचा स्वयंपाक करते तिच्याबद्दल म्हणायचं, 'हिला चूल पेटवता येते हे आम्हाला माहीतच नव्हतं', तशातली ही गत. बाईच्या कामाची सवय होते, पण ते हिशेबात धरायची सवय मात्र होत नाही.

मोर्चानंतर काही दिवसांत पैसे दिले गेले. पण त्याची किंमतही पडली. आफ्रिकेचा विजेता संघ त्यानंतर वर्षाहून जास्त काळ जवळपास रिकामा बसला. 2018 च्या एप्रिलमध्ये हा संघ फ्रान्सविरुद्ध मैदानात उतरला आणि 8-0 ने हरला. सराव नाही, सामने नाहीत, तर दुसरं काय होणार? तरी त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा आफ्रिका करंडक जिंकला, तो नववा.

2019 चा विश्वचषक फ्रान्समध्ये झाला. नायजेरियाने दक्षिण कोरियाला 2-0 ने हरवलं. त्या सामन्यात गोलरक्षक होती 18 वर्षांची चियामाका न्नाडोझी, आणि तिने एकही गोल होऊ दिला नाही. विश्वचषकात इतक्या लहान वयात असं करणारी ती पहिलीच गोलरक्षक. ओनोमे एबी त्या वर्षी आपला पाचवा विश्वचषक खेळली. आफ्रिकेतल्या कोणाही खेळाडूने, बाईने वा पुरुषाने, तोवर पाच विश्वचषक खेळले नव्हते. पुढच्या फेरीत जर्मनीकडून हार झाली आणि मुली पुन्हा हॉटेलात बसल्या. त्यांचं म्हणणं होतं, की या स्पर्धेचे पैसे तर राहिलेतच, शिवाय दोन-तीन वर्षांपूर्वी गांबिया आणि सेनेगलविरुद्ध जिंकलेल्या सामन्यांचेही पैसे बाकी आहेत. त्या वेळी कर्णधार होती ओपारानोझी. ती त्यानंतर बराच काळ संघाबाहेर राहिली आणि 2023 च्या विश्वचषकाला परत आली. पुढे उभी राहणारी बाई सगळ्यांच्या नजरेत येते, हे आपल्यालाही माहीत आहे.

2022 च्या आफ्रिका स्पर्धेतही तेच. उपांत्य फेरीत मोरोक्कोकडून पेनल्टींवर हार झाली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याआधी मुलींनी थकलेल्या पैशांसाठी सराव नाकारला. तो सामनाही गेला.

या सगळ्यात असिसात ओशोआलाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लागोस शहराजवळच्या इकोरोडूची ही मुलगी 1994 ची. आईवडिलांना तिचं फुटबॉल खेळणं मान्य नव्हतं, मुलीने शाळा शिकावी असं त्यांचं म्हणणं. आजी मात्र नातीच्या पाठीशी राहिली. 2014 मध्ये 20 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ती सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि सर्वाधिक गोलही तिचेच. पुढे ती स्पेनच्या बार्सिलोना क्लबकडून खेळली आणि युरोपातला सर्वांत मोठा क्लब करंडक दोनदा जिंकली. आफ्रिकेची सर्वोत्तम महिला खेळाडू हा मान तिला सहा वेळा मिळाला. तिच्याआधी न्क्वोचाला चार वेळा मिळाला होता, आणि 2001 मध्ये हा मान पहिल्यांदा दिला गेला तेव्हा तो नायजेरियाच्याच मर्सी अकिडेला मिळाला होता.

2023 च्या विश्वचषकात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, या संघाचा गट फार अवघड होता. ऑलिम्पिक विजेत्या कॅनडाशी बरोबरी झाली, त्यात न्नाडोझीने पेनल्टी अडवली. यजमान ऑस्ट्रेलियाला 3-2 ने हरवलं. आयर्लंडशी बरोबरी. पुढच्या फेरीत युरोप विजेत्या इंग्लंडला 120 मिनिटं एकही गोल करू दिला नाही, हार झाली ती पेनल्टींवर. चार सामन्यांत नियमित किंवा जादा वेळेत एकही हार नाही. त्या संघातली मिशेल अलोझी तेव्हा अमेरिकेतल्या एका बालरुग्णालयात कॅन्सर संशोधनाचं कामही करत होती. सकाळी प्रयोगशाळा, नंतर मैदान. दुहेरी पाळी फक्त आपल्याच नशिबी आहे असं नाही.

त्या वर्षी एक मोठा बदल झाला. जागतिक फुटबॉल महासंघ, म्हणजे फिफा, याने प्रत्येक खेळाडूच्या नावाने रक्कम जाहीर केली. पहिल्या फेरीत बाद झालेल्या संघातल्या मुलीलाही 30 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास 25 लाख रुपये. हा बदल जगभरातल्या महिला खेळाडूंनी एकत्र मागणी केल्यामुळे आला. त्याचं मोल यात आहे, की आकडा आधी ठरला, नावानिशी ठरला आणि सगळ्या जगाला माहीत झाला. तरीही स्पर्धा संपल्यावर खेळाडूंच्या जागतिक संघटनेने सांगितलं, की नायजेरियाच्या मुलींचे बोनस, भत्ते आणि खर्च, काही तर 2021 पासूनचे, देशाच्या संघटनेकडे थकलेले आहेत.

आणि मग आला 2025 चा जुलै. आफ्रिका करंडकाची स्पर्धा मोरोक्कोत होती. उपांत्यपूर्व फेरीत झांबियाला 5-0, उपांत्य फेरीत गतविजेत्या दक्षिण आफ्रिकेला 2-1. तिथे अगदी शेवटच्या क्षणी गोल केला तो अलोझीने. 26 जुलैला राबात शहरात अंतिम सामना, समोर यजमान मोरोक्को आणि भरलेलं मैदान. अर्ध्या तासाच्या आत मोरोक्कोचे दोन गोल. मध्यंतराला 0-2. मग 64 व्या मिनिटाला एस्थर ओकोरोन्क्वोने पेनल्टीवर एक गोल केला. 71 व्या मिनिटाला फोलाशाडे इजामिलुसीने बरोबरी साधली. 88 व्या मिनिटाला जेनिफर एचेगिनीने तिसरा. 3-2. दहावा करंडक. 1999 ला ब्राझीलविरुद्ध तिघींनी तीन गोल फेडले आणि शेवटी हार आली, 26 वर्षांनी तिघींच्या तीन गोलांनी जीत आली. कर्णधार रशीदत अजिबाडे स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

संघ अबुजाला पोचला तेव्हा अध्यक्ष बोला टिनुबू यांनी स्वतः स्वागत केलं. प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलरइतकी रक्कम, म्हणजे 85 लाखांहून जास्त रुपये, तीन बेडरूमचं घर आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर झाला. नऊ वर्षांपूर्वी ज्या शहरात मुलींना पैशासाठी संसदेवर चालत जावं लागलं होतं, त्याच शहरात.

आनंदच आहे. पण एक फरक मनात धरू या. बक्षीस वेगळं आणि मजुरी वेगळी. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, तो खूश झाला की देतो. मजुरी ठरलेली असते, जिंकलो काय, हरलो काय. ज्या मुली 2019 ला हरल्यावर बसल्या होत्या, त्या बक्षीस मागत नव्हत्या. जिंकलेल्या जुन्या सामन्यांची उधारी मागत होत्या. म्हणूनच नावानिशी आधी ठरलेले 30 हजार डॉलर, नंतर मिळालेल्या लाख डॉलरपेक्षा मला जास्त मोलाचे वाटतात.

या संघाच्या धाकट्या बहिणींना आपण अगदी जवळून बघितलंय. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. नायजेरियाच्या मुलींनी नवी मुंबईत अमेरिकेला पेनल्टींवर हरवलं, गोव्यात मडगावला कोलंबियाकडून पेनल्टींवर हरल्या आणि पुन्हा नवी मुंबईत जर्मनीला हरवून तिसऱ्या आल्या. त्या सामन्यात 3-0 अशी आघाडी होती, जर्मनीने 3-3 केली, तरी पेनल्टींवर मुली डगमगल्या नाहीत. नेरूळचं डी. वाय. पाटील मैदान आपल्या कित्येकींच्या लोकलच्या वाटेवर आहे.

मैत्रिणींनो, आपल्या गटाला कधी शाळेच्या आहाराचं, कधी गणवेश शिवायचं, कधी एखाद्या कार्यक्रमाच्या जेवणाचं काम मिळतं. काम होतं, जेवण छान झालं म्हणून कौतुक होतं, आणि बिल महिनोन्‌महिने फिरत राहतं. तेव्हा या ससाण्या आठवा. दर काय आणि पैसे कधी, हे काम घेतानाच ठरावाच्या वहीत लिहून समोरच्याची सही घ्यायची. जे मागायचं ते सगळ्या जणी एकत्र असतानाच मागायचं. जी पुढे होऊन बोलेल तिला नंतर एकटं पडू द्यायचं नाही. आणि हे सगळं चालू असताना काम उत्तमच करायचं, कारण दहा करंडकांच्या जोरावर बोललेली गोष्ट सहज खोडता येत नाही.

येत्या बैठकीत आपापल्या गटाची बाकी येणी किती आहेत, कोणाकडे आहेत आणि कधीपासून आहेत, याची एक यादी करा. तारखेसकट करा. नायजेरियाच्या मुलींना आपल्या थकबाकीचं वर्ष सांगता येत होतं, सामना सांगता येत होता. म्हणून त्यांचं म्हणणं जगाला ऐकावं लागलं.

भेटू पुढच्या आठवड्यात.